बीजभाषणाला रस्त्यावरचा माणूस हवा
बीजभाषणाला, म्हणजे अधिवेशनाच्या मुख्य भाषणाला, प्रेरणादायी वक्ता बोलवावा, त्याच्यामुळे सभागृह भरतं, असं म्हणतात. सभागृह भरतं, हे मान्य. पण बांधकाम खात्यातल्या लोकांच्या अधिवेशनात बीजभाषण रस्त्यावर काम केलेल्या अभियंत्यानेच करावं. रस्तेविकासासाठीच्या जयकर समितीच्या शिफारशीवरून 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था उभी राहिली, तीही रस्त्यांचा अनुभव एकत्र आणण्यासाठीच.

वक्त्याला विषय नेमका द्या, उदाहरणार्थ ‘खड्ड्याची दुरुस्ती का टिकत नाही’. खड्डा चौकोनी, उभ्या कडांचा कापला नाही, तळ ओला राहिला किंवा टॅक कोट (जुना आणि नवा थर चिकटवणारा डांबराचा पातळ हात) मारला नाही, की थर सुटतो. व्हीजी-30 या प्रतीच्या डांबराचं मिश्रण पसरताना किमान 140 अंश सेल्सिअस, रोलिंग संपेपर्यंत 90 तरी हवं. लांबच्या डांबर-मिश्रणाच्या प्लँटवरून ताडपत्रीविना आलेला डंपर इथेच मार खातो, मिश्रण वाटेतच थंड होतं. आणि निम्मा वेळ प्रश्नांना ठेवा. चिठ्ठ्या नकोत, माईक थेट कनिष्ठ अभियंत्यांच्या हातात द्या.