मदत हवी आहे: स्मूथ चालणारं मॉडेल डिझेल इंजिन कोणतं घ्यावं? (भाऊ गुरुवारी निघतोय)

जांभा (सोमवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे म्हणून थोडक्यात विचारतो. मॉडेल ट्रेनसाठी एक डिझेल इंजिन घ्यायचंय. अट एकच, स्मूथ चाललं पाहिजे. आत्ता आहे ते गचके खातं, मधेच थांबतं, बोटाने ढकललं की परत निघतं. गेल्या वर्षी गणपतीच्या आरासीत गाडी लावली होती, पुठ्ठ्याचा बोगदा, मातीचे डोंगर, पूल, सगळं हाताने केलेलं. आरतीला मंडळी जमली आणि गाडी नेमकी बोगद्यात अडकली. अख्खी आरती माझा एक हात टाळ्यांना आणि एक बोगद्यात.
भाऊ न्यू जर्सीहून येतोय. त्याला फक्त नाव सांगायचं आहे. बजेट १५० डॉलर. लवकर सांगा.

मी_मुलुंडकर
काटो, जपानी कंपनी. डोळे झाकून काटो घ्या. माझ्याकडे एसडी४०-२ आहे, आठ वर्षं झाली, लोण्यासारखं चालतं. बाकी कुणाचं ऐकू नका.

सांधेवाला
डोळे उघडे ठेवून आधी एवढं सांगा: स्केल (खऱ्या गाडीच्या किती पट लहान) कुठला, एचओ की एन? वळणाची त्रिज्या किती? रूळ पितळी आहेत की निकेल सिल्व्हरचे (पांढरट मिश्रधातूचे)? साधं डीसी की डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोल? कंट्रोलर कुठला? आणि इंजिन थांबतं ते कुठेही, की ठरावीक जागी?

जांभा
स्केल वगैरे माहीत नाही, नेहमीचा साइज आहे. बाकीचं कशाला लागतं? मला नवीन इंजिन घ्यायचंय, जुनं दुरुस्त नाही करायचं.

सांधेवाला
"नेहमीचा साइज" हे चपलेच्या दुकानातही चालत नाही हो. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजा. १६.५ मिमी भरलं तर एचओ, ९ भरलं तर एन. रूळ तीन दिसले तर मला फोटोच पाठवा.

जांभा
साडेसोळा. इंजिन वीतभर आहे. चौरंगाभोवती गोल आहे, आरपार तीन फूट.

चिकित्सक_काका
एचओ म्हणजे १:८७. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. भागून बघा, १९.२६ येतात. म्हणजे साडेसोळावर चाललेलं कुठलंही 'भारतीय' मॉडेल मुळात चुकीच्या गेजवर (दोन रुळांमधल्या अंतरावर) चालतंय. यावर कुणी बोलत नाही.

गार्डचा_डबा
काका, गणपतीला मोजपट्टी घेऊन कोण येतंय?

चिकित्सक_काका
मी येतो.

सांधेवाला
आरपार तीन फूट म्हणजे त्रिज्या १८ इंच. यातच अर्धं उत्तर आहे. सहा आसांची (चाकांच्या सहा जोड्यांची) लांब इंजिनं, एसडी७० वगैरे, या वळणावर नीट बसत नाहीत. त्यांना २२ इंच तरी द्यावे लागतात, नाहीतर रुळावरून उतरतात किंवा मागच्या डब्याला बाहेर ओढतात. चार आसांचं घ्या. जीपी३८-२ किंवा आल्कोचं आरएस-३ या जातीचं.

घाटातला_बँकर
चार आसांचं डिझेल कोकण रेल्वेवर कधी बघितलंय का कुणी? आरास कोकणाची आहे ना? मग डब्ल्यूडीएम-२ पाहिजे, सहा आसांचं. १९६२ मध्ये आल्कोकडून अमेरिकेतून आलं, नंतर वाराणसीत बनायला लागलं. त्याची ती सुरू होतानाची धडधड आणि काळ्या धुराचा लोट! २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पुरं झालं आणि ती मजा गेली. लहानपणी आम्ही चिपळूण स्टेशनात फक्त इंजिन बघायला जायचो, गाडीत बसायचं नसायचं.

गार्डचा_डबा
+१. रात्री लांबून आवाजावरून कळायचं गाडी चढावर आहे की उतारावर.

हळदीकुंकू
माफ करा, विषय माझा नाही, पण यात डिझेल किती लागतं? घरात वास नाही का येत? आमच्या चिरंजीवांनीही हट्ट धरलाय.

सांधेवाला
ताई, डिझेलचा थेंबही लागत नाही. आत १२ व्होल्टची छोटी मोटर असते, वीज रुळातून चाकांवाटे वर जाते. 'डिझेल' फक्त रूप. तसं खऱ्या इंजिनातही डिझेलवर जनरेटर फिरतो आणि चाकं विजेच्याच मोटरी फिरवतात.

नेरळकर
माझं ऐका, माथेरानची गाडी करा. १९०७ पासूनची आहे, दोन फुटी गेज, वळणं इतकी आवळ की तुमच्या चौरंगाभोवती आरामात बसेल. एन स्केलचे ९ मिमी रूळ घ्यायचे, त्यावर एनचंच यंत्र आणि वरून एचओच्या मापाची बॉडी स्वतः बनवायची. मी पुठ्ठा आणि आइस्क्रीमच्या काड्यांतून तीन डबे केलेत. फोटो टाकू का?

जांभा
नको. मी माथेरानचं विचारलेलं नाही. दोन दिवस राहिलेत हो.

सांधेवाला
कंट्रोलरचं सांगा.

जांभा
सेटबरोबर आलेला अमेरिकन होता, तो भावाने आणला त्याच दिवशी धूर काढून गेला. आता १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि एलईडी पट्ट्यांचा डिमर लावलाय. गोल बटण फिरवलं की वेग कमीजास्त. उलटी न्यायची तर वायरी बदलतो.

मी_मुलुंडकर
हे काय भलतंच!!

सांधेवाला
धूर येणारच, तो १२० व्होल्टवाल्या देशातला होता, आपल्याकडे २३० आहेत. नवीन काही आणायला सांगाल तेव्हा कंट्रोलर तिकडून आणू नका, किंवा मागे १०० ते २४० छापलेलं बघून आणा. हे आधीच सांगायला हवं होतंत.
डिमर मात्र वाटतो तितका वाईट नाही. तो वीज तुकड्यातुकड्यांनी सोडतो, त्यामुळे मोटर कमी वेगातही हलते. फक्त घुर्र आवाज येतो आणि जास्त वेळ चालवलं तर मोटर गरम होते. हात लावून बघत जा. पण तुमचे गचके त्यामुळे नाहीत. पुन्हा विचारतो, थांबतं कुठे?

जांभा
बोगद्यात. आणि बोगद्याच्या आधी जिथे सायडिंग (बाजूचा जादा रूळ) फुटतं तिथे. आणि पावसाळ्यात कुठेही. रूळ पिवळे आहेत.

सांधेवाला
आता कसं! पिवळे म्हणजे पितळी, आणि घर समुद्राजवळ, बरोबर? पितळेवर काळपट थर चढतो आणि त्यातून वीज जात नाही. खारी हवा आणि पाऊस असेल तर आठवड्यात चढतो. त्यावर जगातलं कुठलंही इंजिन ठेवा, गचकेच खाणार. तेव्हा निकेल सिल्व्हरचे रूळ घ्या. थर त्यांच्यावरही चढतो, पण वीज तितकी अडत नाही.

खडूस_ठाणेकर
रॉकेलचा बोळा फिरवा, संपला विषय. वडिलांपासून तेच करतोय.

मी_मुलुंडकर
रॉकेल? गणपतीसमोर समया लावलेल्या असतात आणि तुम्ही रॉकेल? मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल घ्या.

खडूस_ठाणेकर
आयसोप्रोपिलही पेटतं. आणि ते उडून गेल्यावर रूळ लवकर काळे होतात, रॉकेलने होत नाहीत. स्वतः करून बघा, मग बोला.

गार्डचा_डबा
सँडपेपर मारा.

सांधेवाला
सँडपेपर अजिबात नको! चरे पडतात आणि घाण त्या चऱ्यांतच जाऊन बसते. रॉकेल की आयसोप्रोपिल हे भांडण जगभर चालू आहे, इथे मिटणार नाही. काहीही वापरा, पण आरास लावायच्या आधी, उघड्या खिडकीत, आणि पूर्ण वाळल्यावरच वीज द्या.

हळदीकुंकू
आणि चाकांना तेल? मी खोबरेल घालून बघितलं होतं शिलाई मशीनला.

खडूस_ठाणेकर
मग थंडीत मशीन थिजलं असेल.

हळदीकुंकू
हो ना. तुम्हाला कसं कळलं?

सांधेवाला
खोबरेल कुठेच नको. शिलाई मशीनचं पातळ तेल सुईच्या टोकावर येईल एवढं, तेही फक्त आसाच्या टोकांना. चाकाच्या रुळाला लागणाऱ्या कडेला तेल लागलं तर सगळं मुसळ केरात.
जांभाभाऊ, एक प्रयोग करा. इंजिनाची पुढची बोगी (इंजिनाखालचा चाकांचा गट) रुळावर ठेवा, मागची हातात उचलून धरा. डिमर अर्धा फिरवा. मोटर फिरते का? मग उलट करा, मागची रुळावर, पुढची हातात.

जांभा (मंगळवार, रात्री ११:१५)
दोन्ही वेळा काहीच नाही. दिवाही लागत नाही. दोन्ही बोग्या टेकवल्या की चालतं.

सांधेवाला
सापडलं! तुमच्या इंजिनात एका रुळाची वीज पुढची बोगी घेते आणि दुसऱ्याची मागची. स्वस्त सेटमध्ये खूपदा असंच असतं, मोटरही एकाच बोगीत कोंबलेली. आता सायडिंग फुटतं तो सांधा आठवा. रूळ एकमेकांना कापतात तिथे, इंग्रजीत ज्याला फ्रॉग म्हणतात, तो तुकडा सेटमध्ये प्लास्टिकचा असतो. त्यावर चाक गेलं की तेवढी वीज बंद. तुमच्या इंजिनाला प्रत्येक बाजूने घ्यायला दोनच चाकं, त्यातलं एक प्लास्टिकवर आणि दुसरं काळ्या पितळेवर. थांबेल नाहीतर काय करेल?
म्हणून नवीन घेताना ब्रँडच्या आधी हे बघा: आठही चाकं वीज घेतात का, दोन्ही बोग्या मोटरने फिरतात का, मोटरच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील आहेत का. ही जड चकती फिरत राहते, त्यामुळे वीज क्षणभर तुटली तरी इंजिन घरंगळत पुढे जातं. चाकांवर रबरी रिंगा कमीत कमी असाव्यात, चढ ओढायला त्या बऱ्या, पण रबरातून वीज येत नाही. आणि दुकानात मागायला लाजू नका: जितकं हळू जाईल तितकं हळू चालवून दाखवा. जोरात सगळीच इंजिनं छान पळतात. हातभर अंतर कापायला मिनिट लावून, न अडखळता गेलं तर तेच तुमचं इंजिन.

परसदार_एडिसन
न्यू जर्सीतच राहतो, म्हणून सांगतो. ॲटलसचं किंवा काटोचं चार आसांचं, साधं डीसी घ्या, १५० डॉलरमध्ये नवं नाही तर चांगलं वापरलेलं मिळेल. आवाजवाल्या डीसीसीच्या मागे लागू नका. वापरलेलं घेताना कान द्या: चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा 'टक्' होत असेल तर आसावरचा प्लास्टिकचा गिअर तडकलाय. माझं तसं निघालं होतं. भिंगातून बघितलं तर दोन दातांच्या मधोमध केसाएवढी चीर. दोन दिवस मोटर उघडून बसलो होतो, दोष चार दाण्यांएवढ्या गिअरमध्ये. बदलता येतो, पण गणपतीच्या आदल्या रात्री नाही. आणि मेर्कलिन या जर्मन कंपनीचं घेऊ नका, ते तीन रुळी पद्धतीचं, तुमच्या रुळांवर शॉर्ट होईल.

घाटातला_बँकर
म्हणजे डब्ल्यूडीएम-२ नाहीच का?

गार्डचा_डबा
बँकरशेठ, चार आसांच्या अमेरिकन इंजिनाला निळा रंग मारा, वर हार घाला. हाराखाली आस कोण मोजतंय?

चिकित्सक_काका
मी.

सांधेवाला
जांभाभाऊ, अजून एक. त्या गोलात सायडिंग कशाला आहे?

जांभा
मालगाडी उभी असते. शोभेला.

सांधेवाला
मग शोभेच्या मालगाडीला सांधा कशाला? काढा तो, तिथे साधा वक्र तुकडा घाला आणि सायडिंग नुसतं शेजारी टेकवा, कुणाला कळणार नाही. डिमरच्या वायरी गोलाला एकाच जागी जोडल्या असतील तर बोगद्यापाशीही एक जोडी द्या, डावी डावीला, उजवी उजवीला. चुकलात तर शॉर्ट. निम्मे गचके यातच जातील, फुकटात.

जांभा (शनिवार, दुपारी १:०५)
सगळ्यांचे आभार. सांधा काढला, रूळ पुसले (रॉकेलने, रागावू नका), बोगद्यापाशी वायरी दिल्या. जुनं इंजिन सलग अकरा फेऱ्या फिरलं, बाराव्याला थांबलं. आई म्हणाली, आरत्या पाचच असतात.
नवीन इंजिनही आलं. चूक माझीच आहे. मी भावाला या धाग्याचा फक्त पहिला प्रतिसाद पाठवला होता. तो दुकानात जाऊन म्हणाला, "काटो, एसडी४०-२". त्यांनी दिलं. डबा लहान आहे, बॅगेत बसला म्हणून हाही खूश. उघडलं तर इंजिन माझ्या तळहाताच्याही आत. रुळावर ठेवलं तर चाकं दोन रुळांच्या मधे पडली.

मी_मुलुंडकर
अहो, माझं एन आहे! मी लिहिलं नव्हतं का?

गार्डचा_डबा
नव्हतं.

सांधेवाला
एक शब्द बोलत नाही मी.

जांभा
पण तळहातावर धरून ९ व्होल्टची बॅटरी चाकांना लावून बघितली. आवाजच नाही. बॅटरी काढली तरी चाकं थोडा वेळ फिरत राहतात. मुलुंडकर म्हणाले ते खोटं नाही, लोणी आहे.

नेरळकर
९ मिमी ना? आता माथेरान कराच. सहा आसांचं त्या वळणांना लांब पडेल, पण यंत्र कापून चार आसांचं करता येतं. काड्यांच्या डब्यांचे फोटो टाकतो.

परसदार_एडिसन
कापू नका!! पावती असेल तर परत घेतील. मी पुढच्या महिन्यात येतोय, एचओचं आणू का?

मी_मुलुंडकर
विकायचं असेल तर आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.