करवंदं, तोरणं, आमगुळं ही रानफळं घरी आणून काय काय करता येतं?

डोंगरफाटा: उन्हाळ्यात सह्याद्रीत करवंदं आणि तोरणं भरपूर मिळतात, जागेवर खाऊन मजा येते पण घरी आणली की लगेच मऊ पडून आंबतात. टिकवायची कशी? जेली होते का? आणि कच्च्या करवंदाच्या चिकाची भीती वाटते, पांढरा चीक म्हणजे विष असं ऐकत आलोय.

काटेरी: करवंदाचा चीक विषारी नाही, नुसता चिकट. पण भीती अगदीच उगाच नाही हां, कण्हेर याच कुळातली आणि पिवळ्या कण्हेरीचं फळ जीवघेणं असतं. त्यामुळे चिकावरून काहीच ठरवू नका, अख्खं झुडूप बघा. करवंदाची पानं जाड, समोरासमोर, आणि काटे टणक, जोडीने येणारे. कण्हेरीला काटेच नसतात. झुडपाची खात्री नसेल तर फळ तोंडात घालायचं नाही, प्लीज.

मीठसाखर: जेली फार सुंदर होते!! फक्त सगळी काळी पिकलेली घेऊ नका, जेली घट्ट करणारं पेक्टिन कच्च्यात जास्त असतं म्हणून अर्धी तरी लालसर-हिरवी हवीत. फळं बुडतील इतक्या पाण्यात मऊ शिजवा, कापडात बांधून टांगून ठेवा आणि पिळू नका, पिळलं की जेली गढूळ होते, मग जेवढा रस तेवढी साखर घालून आटवायचं. थंड बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवला आणि सुरकुती पडली की गॅस बंद. लिंबू लागत नाही, आंबटपणा मुळातच असतो. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम नको. कच्च्याचं लोणचं करणार असाल तर चिरायच्या आधी हाताला आणि सुरीला तेल लावा, चीक चिकटत नाही.

काटेरी: तोरणं टिकवायच्या भानगडीत पडू नका, पांढरा पिठूळ गर असतो तोही थोडाच, ताजीच खावीत. आमगुळं मात्र आणा. ती करवंदांच्या आधी पिकतात, पानाच्या मागे चंदेरी चमक असते त्यावरून ओळखू येतात, सरबत आणि चटणी दोन्ही मस्त.

डोंगरफाटा: भारी माहिती, थँक्यू दोघांना! घाणेरीची काळी फळं पण चालतात का?

काटेरी: पिकलेली खाणारे आहेत, पण हिरवी विषारी असतात आणि एकाच घोसात दोन्ही येतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्या झुडपाकडे फिरकूच नका.

मीठसाखर: +१. आणि जेलीसाठी फळं धुताना देठ काढून टाका, राहून गेले तर कडवट चव उतरते.