'पूरक आहार' की 'आहारपूरक'? डब्यावर मराठीत काय लिहायचं?

नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय आणि प्रेसवाला घाईवर आलाय म्हणून धागा काढतेय.

माझ्या मैत्रिणीचं धायरीला छोटं युनिट आहे. नाचणीच्या सत्त्वात लोह, बी-12 वगैरे घातलेली पावडर ती बनवते. परवाना आहे, डब्यावरचा इंग्रजी मजकूर नियमाप्रमाणे आहे, आता तिला मागच्या बाजूला तोच मजकूर मराठीत हवाय कारण तिचं निम्मं गिऱ्हाईक म्हणजे सिंहगड रोडच्या सोसायट्यांमधल्या आज्या आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावश्या. कायद्याने मराठीची सक्ती नाही बरं का. लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की झालं, बाकी कुठलीही भाषा जोडीला चालते. म्हणजे मराठीत लिहायचं तर ते आपल्या हौसेने, आणि म्हणूनच बहुतेक कोणी लिहीत नाही, आणि लिहिलं तर हिंदीवरून उचलून लिहितात.

मी भाषांतराची कामं करते. 'हेल्थ सप्लिमेंट'ला मी सरळ 'पूरक आहार' लिहून पाठवलं. मैत्रिणीची आत्या 30 वर्षं अंगणवाडी सेविका होती, तिने प्रूफ हातात घेतलं आणि पहिलंच वाक्य, "अगं, हे सहा महिन्यांच्या बाळाचं आहे का?" कारण तिच्या जगात पूरक आहार म्हणजे सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाच्या जोडीला सुरू करतात ते मऊ वरणभात, खिमट, नाचणीची पेज. तिने आयुष्यभर घरोघरी जाऊन तेच सांगितलंय! आणि इथे तर नाचणीच आहे डब्यात. अंगावर काटाच आला माझ्या, कारण हेल्थ सप्लिमेंटचे जे 2016 चे नियम आहेत त्यात हा माल पाच वर्षांच्या वरच्या माणसांसाठी म्हटलाय. माझा शब्द वाचून एखाद्या आईने सात महिन्यांच्या बाळाला लोह घातलेली पावडर चाटवली असती तर?

मग उलटं करून 'आहारपूरक' लिहिलं. आहाराला पूरक ते आहारपूरक. पूरक आहार हा आहारच असतो, आहारपूरक हे आहारात घातलेली भर असते. मला फरक पटतोय पण वाचणाऱ्याला पटेल का? तुम्ही काय म्हणता?

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. नियमाने ठळक लिहावं लागतं की हे औषधी वापरासाठी नाही. हे वाक्य मराठीत कसं लिहायचं यावर मी दोन रात्री घालवल्यात. मागच्या वर्षी माझ्या सासूबाईंना (वय 74) कोणीतरी गुडघ्यांसाठी सप्लिमेंटच्या कॅप्सूलचा डबा आणून दिला, त्यांनी तो बघितला, पंचांग वाचायचं भिंग लावून बघितला, अक्षर इतकं बारीक आणि सगळं इंग्रजी. मग त्यांनी काय केलं, तर सात झाकणांची ती औषधाची डबी असते ना, सोम-मंगळ लिहिलेली, त्यात बीपीच्या गोळीशेजारी ही पण एक एक ठेवायला लागल्या. आणि एक दिवस म्हणाल्या की हे नवीन औषध चालू आहे तर जुनं थोडे दिवस बंद ठेवू का. वेळेवर कळलं म्हणून बरं. त्या दिवसापासून हे वाक्य मला लेबलवर मराठीत बघायचंय.

पाचवी-ब च्या बाई: तुमच्या सासूबाई आता ठीक आहेत ना? शब्दाबद्दल सांगते. सप्लिमेंटला मराठीत अस्सल शब्द आहे, 'पुरवणी'. परीक्षेत उत्तरपत्रिका संपली की मुलं पुरवणी मागतात, पेपरला रविवारची पुरवणी असते, विधानसभेत पुरवणी मागण्या मांडतात. मूळ गोष्ट आहे ती कमी पडली म्हणून जोडलेला तुकडा, हा अर्थ त्यात आपोआप आहे. पुरवणीत कोणी अख्खा पेपर लिहीत नाही! 'आहाराची पुरवणी' लिहा की सरळ, पाचवीतल्या मुलालाही कळेल.

मेडिकलकाका: माझं 22 वर्षं मेडिकल आहे, काउंटरवरचं सांगतो. गिऱ्हाईक 'आहारपूरक' पण म्हणत नाही आणि 'पुरवणी' पण म्हणत नाही, ते म्हणतं "ताकदीच्या गोळ्या द्या", "शक्तीचं औषध द्या", नाहीतर "टॉनिक". आणि नियमात कॅप्सूल, टॅबलेट, पावडर, लिक्विड सगळी रूपं चालतात, मेडिकलमध्येच मिळतं, मग माणसाने औषध समजू नये तर काय समजावं. मी गिऱ्हाइकाला एक साधी खूण दाखवतो, डब्यावर हिरवा ठिपका नाहीतर तपकिरी त्रिकोण आहे का बघा. शाकाहारी-मांसाहारीची ती खूण अन्नावर असते, तुमच्या बीपीच्या गोळीच्या पट्टीवर नसते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर तपकिरी त्रिकोण बघून एक आजी परत देऊन गेल्या, पण त्यांना कळलं की हे अन्न आहे. दुसरं म्हणजे 14 आकडी परवाना नंबर, तो पण अन्नाचाच. याउलट च्यवनप्राश घरात चमच्याने खातात, पोळीला लावून खातात, आणि बऱ्याच डब्यांवर बारीक अक्षरात 'आयुर्वेदिक औषध' लिहिलेलं असतं. म्हणजे डब्याचं रूप बघून काही ठरत नाही, शब्दच बघावा लागतो. म्हणून तुम्ही करताय ते काम महत्त्वाचं आहे ताई.

कोथरूडचा जिमवाला: मी म्हणतो सप्लिमेंटच ठेवा ना. जिममध्ये सगळे तेच म्हणतात. फक्त एक गंमत लक्षात आली, कॉलेजात आम्ही 'ती सप्लिमेंट' म्हणायचो, "मी तीन सप्लिमेंट लावल्या", आणि जिममध्ये 'ते सप्लिमेंट'. बहुतेक पुरवणी स्त्रीलिंगी म्हणून पेपरवाली सप्लिमेंट ती झाली असावी. हिंदीत 'खाद्य पूरक' पण लिहितात, तसं चालेल का मराठीत?

धागाकर्ती: @जिमवाला, 'खाद्य' अजिबात नको. मराठीत खाद्य म्हटलं की आधी पशुखाद्य आठवतं, सरकी पेंड, कोंबड्यांचं खाद्य, फिश टँकमधलं खाद्य. 'खाद्यपदार्थ' ठीक पण नुसतं 'खाद्य' माणसांच्या जेवणाला आपण म्हणत नाही. आणि सप्लिमेंट ज्यांना कळतं त्यांना इंग्रजी लेबल पण कळतं, माझं भांडण ज्यांना ते कळत नाही त्यांच्यासाठी आहे. बाई, 'पुरवणी' मला मनापासून आवडला. फक्त डब्यावर एकदम बघितला तर लोकांना पेपरच आठवेल अशी भीती वाटते. सासूबाई छान आहेत, धन्यवाद.

निवृत्त: मी अन्न व औषध प्रशासनात नोकरी केली, आता घरी असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. जुना अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा 1954 चा, त्यात मुख्य चिंता भेसळीची. मग 2006 चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आला, प्रत्यक्ष लागू झाला 5 ऑगस्ट 2011 पासून, आणि त्याच्या कलम 22 मध्ये या सप्लिमेंट-न्यूट्रास्युटिकल (अन्नातले गुणकारी घटक काढून केलेला माल) मंडळींना पहिल्यांदा अन्नाच्या घरात जागा दिली. पण अट घालून दिली, की यात 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातलं औषध नसेल, आयुर्वेदिक-सिद्ध-युनानी औषधही नसेल, आणि अमुक रोग बरा करतो असा दावा नसेल. तपशीलवार नियम 2016 च्या डिसेंबरात निघाले, 1 जानेवारी 2018 पासून अंमल. म्हणजे या मालाची ओळखच मुळी 'औषध नव्हे' अशी आहे, आणि ती ओळख भाषेत पुसली गेली तर कायदा कागदावर राहतो.

आता ताईंच्या वाक्याकडे. 'औषधी वापरासाठी नाही' हे लिहू नका. मराठीत 'औषधी' हा कौतुकाचा शब्द आहे. औषधी वनस्पती, औषधी गुणधर्म, शेवगा फार औषधी. घाईत वाचणारा माणूस पहिला शब्द वाचतो आणि खूश होतो, आपल्या भाषेत 'नाही' शेवटी येतं ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. 'वैद्यकीय वापरासाठी नाही' हेही लिहू नका, कारण त्याच नियमांत एक वेगळा वर्ग आहे, विशेष वैद्यकीय कारणासाठीचं अन्न, त्यावर 'फक्त वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे' अशा अर्थाची सूचना लागते. 'वैद्यकीय' शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा. माझ्या मते 'हे औषध नाही. औषध म्हणून घेऊ नका.' अशी दोन छोटी वाक्यं. 'वापरू नये' पण नको, वापरतो आपण साबण. पोटात जातं ते आपण घेतो.

आणि एक शब्द सांभाळा, 'मात्रा'. हिंदी लेबलवर 'दैनिक मात्रा' असतं, हिंदीत मात्रा म्हणजे साधं प्रमाण. मराठीत मात्रा म्हटलं की हेमगर्भाची मात्रा, वैद्याने सहाणेवर उगाळून चाटवलेली. मात्रा लागू पडते, मात्रा चालत नाही, हे सगळं औषधाचं बोलणं आहे. 'डोस' तसाच. इंग्रजी नियमातसुद्धा डोस म्हटलेलं नाही, शिफारस केलेला रोजचा वापर असं म्हटलंय. 'रोजचं प्रमाण' लिहा आणि पुढे 'सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नका', ही सूचना सक्तीची आहे.

चुकीच्या लेबलला आमच्या खात्यात 'मिथ्याछाप' म्हणायचे. मिथ्याछाप अन्नाला दंड तीन लाखांपर्यंत, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत. मैत्रिणीला सांगा की मराठी मजकूर ऐच्छिक असला तरी तो इंग्रजीच्या विरुद्ध जाऊ द्यायचा नाही, मागच्या बाजूला 'रक्त वाढवणारे, थकवा घालवणारे' असलं काही आत्मीयतेने जरी लिहिलं तरी तो दावाच होतो.

प्राणायामवाली: 'पूरक'बद्दल थोडं. आमच्या क्लासला पूरक म्हणजे श्वास आत घेणं, मग कुंभक, मग रेचक. पूर् म्हणजे भरणं, पुरणपोळीतलं पुरण पण तिथूनच, पुरणे-पुरवणे-पुरवठा सगळं एकाच घरातलं. म्हणून बाईंची 'पुरवणी' आणि ताईंचा 'आहारपूरक' सख्ख्या बहिणीच आहेत, भांडण नाहीच. दोन्ही लिहा की, मोठ्या अक्षरात आहारपूरक, खाली समजावून. अजून एक विचारायचं होतं, 'न्यूट्रास्युटिकल'ला काय म्हणणार?

धागाकर्ती: न्यूट्रास्युटिकल हा 1989 मध्ये अमेरिकेतल्या स्टीफन डीफेलिस यांनी न्यूट्रिशन आणि फार्मास्युटिकल जोडून घडवलेला शब्द. तशीच जोडणी मराठीत केली तर 'पोषणौषध' होतं, आणि मग त्यात औषध आलंच! कायदा म्हणतो औषध नाही आणि शब्द म्हणतो औषध. त्यापेक्षा देवनागरीत न्यूट्रास्युटिकल ठेवलेलं बरं. नशिबाने मैत्रिणीच्या डब्यावर तो नाहीये.

निवृत्त सर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून मैत्रिणीला दिला. 'मात्रा' खरंच होता माझ्या मसुद्यात, काढला. आता एकच वाक्य उरलंय, 'हे विविध आहाराला पर्याय नाही' अशा अर्थाचं, ते नियमात आहे. मी 'वैविध्यपूर्ण आहारास पर्याय नव्हे' लिहिलं होतं, बरोबर आहे पण कोणी वाचणार नाही.

पाचवी-ब च्या बाई: पुस्तकात आम्ही 'चौरस आहार' शिकवतो, आजीलाही तो शब्द माहीत आहे.

निवृत्त: चौरस म्हणजे समतोल, नियमात विविध आहे. थोडा फरक आहे पण चौरस आहारात विविधता येतेच. मला चालेल.

मेडिकलकाका: 'जेवण' म्हणा हो. आहार डॉक्टर म्हणतात, माणसं जेवतात.

धागाकर्ती: काका, एकदम पटलं. आज सकाळी हे असं लिहून सासूबाईंच्या हातात दिलं, भिंग न देता, 16 च्या टायपात:

आहारपूरक (रोजच्या जेवणाला जोड)
हे औषध नाही. औषध म्हणून घेऊ नका.
चालू असलेलं औषध यासाठी बंद करू नका.
रोजच्या चौरस जेवणाऐवजी हे घेऊ नका.
रोजचं प्रमाण: 1 चमचा. यापेक्षा जास्त घेऊ नका.
लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

तिसरी ओळ नियमात नाही, ती मी घातलीय, सर, हरकत असेल तर सांगा. सासूबाईंनी मोठ्याने वाचलं, दुसऱ्या ओळीला थांबल्या, "म्हणजे माझ्या त्या गुडघ्याच्या गोळ्या पण औषध नव्हत्या?" म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "एवढंच लिहायचं होतं की त्यांनी." आणि पुढे वाचून विचारलं, चमचा कुठला, सपाट की शिगोशीग?

निवृत्त: तिसरी ओळ ठेवा, काही दावा करत नाही ती, घेताना काय काळजी घ्यायची तेच सांगते. चमच्याचं मात्र ग्रॅममध्ये पण लिहा, इंग्रजी बाजूला असेल तोच आकडा.

धागाकर्ती: '1 सपाट चमचा' करून पुढे इंग्रजी बाजूचेच ग्रॅम टाकतेय. प्रेसला दुपारी जातंय.