न्यू हँपशरमधून गाडी घेतली तर मॅसॅच्युसेट्सचा टॅक्स वाचतो का?

बॉस्टनजवळ राहतो. न्यू हँपशरमधल्या एका डीलरकडे वापरलेली गाडी पसंत पडली आहे, किंमत २०,००० डॉलर. तिथे सेल्स टॅक्स नाही. इथला दर ६.२५ टक्के, म्हणजे १,२५० डॉलरचा फरक. सेल्समन म्हणतो, "आमच्याकडे टॅक्स शून्य", पण पुढचं विचारलं की विषय बदलतो. मेव्हणा तिकडेच राहतो, त्याच्या पत्त्यावर नोंदणी कर म्हणतोय. मला ते पटत नाही. जुनी गाडीही काढायची आहे. कोणी असा व्यवहार केलाय का?

किल्लीबहाद्दर: सेल्समन अर्धंच खरं बोलतोय. गाडी कुठे घेतली याला महत्त्व नाही, वापरणार आणि नोंदवणार कुठे ते बघतात. इथे त्याला यूज टॅक्स म्हणतात, दर तोच ६.२५, आणि तो भरल्याशिवाय आरएमव्ही (इथलं गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी खातं) नोंदणी करत नाही. दुसऱ्या राज्यात भरलेल्या सेल्स टॅक्सची वजावट मिळू शकते, पण तिथे काही भरलंच नसेल तर वजा काय होणार?

खरी बचत जुन्या गाडीत आहे. ती त्याच डीलरला दिलीत आणि त्याने ४,००० धरले, तर टॅक्स १६,००० वर, म्हणजे १,००० डॉलर. बाहेर परस्पर विकलीत तर ही सूट नाही. अर्थात बाहेर बरीच जास्त किंमत येत असेल तर बाहेरच विका.

डावीकडून_चालणारा: मेव्हण्याच्या पत्त्याच्या भानगडीत पडू नका. गाडी रोज रात्री बॉस्टनला आणि कागदावर न्यू हँपशरला! टॅक्सचं राहू द्या, अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच काढेल.

धागाकर्ता: आभार. मेव्हण्याला काहीतरी गोड सांगतो. डीलर ४,००० देतोय का बघतो. पण गाडी इकडे आणायची कशी? नोंदणी व्हायच्या आधी प्लेट कुठली लावायची?

किल्लीबहाद्दर: जुनी गाडी तिथेच सोडणार असाल तर तिच्या मॅसॅच्युसेट्सच्या प्लेट्स काढून नवीवर लावा. मालकी बदलल्यापासून सात दिवस चालतं. बिल आणि जुन्या नोंदणीचा कागद गाडीत ठेवा. विमा एजंटला मात्र निघायच्या आधीच फोन करा, नोंदणीच्या अर्जावर त्याचा शिक्का लागतोच.