मदत हवी आहे: नव्या मॉनिटरवर अक्षरं फिसकटलेली दिसतात

पत्रिकावाला:
परवा नवा मॉनिटर आणला. २४ इंची, आयपीएस पॅनलचा, फुल एचडी. याच्यावर 'शुभाशीर्वाद'मधली वेलांटी आणि रफार एकमेकांत घुसलेत. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस सगळं फिरवून झालं. शार्पनेस वाढवला की अक्षराला पांढरी कड येते. लग्नसराई तोंडावर आहे, चार पत्रिका अडकल्यात. कुठलं सेटिंग करू ते लवकर सांगा.

खटपट्या:
केबल कुठली? रिझोल्यूशन किती? ग्राफिक कार्ड? नुसतं 'मॉनिटर आणला' यावर निदान करायला इथे कोणी नाडीवैद्य नाही.

पत्रिकावाला:
केबल खोक्यातलीच आहे हो. बाकी सगळं नॉर्मल.

मोगरा:
आमच्या ह्यांनाही असंच दिसायचं. दोन मॉनिटर बदलले, शेवटी चष्म्याचा नंबर निघाला. आधी डोळे तपासून घ्या.

खटपट्या:
खोक्यात बऱ्याचदा दोन केबली असतात. तुमची निळ्या टोकाची, स्क्रूवाली आहे का? आणि रिझोल्यूशन सांगितलंच नाहीत.

पत्रिकावाला:
मोगराताई, डोळे ठीक आहेत, जुन्यावर स्वच्छ दिसतं. हो, निळीच. रिझोल्यूशन १३६६×७६८. प्रूफं बाबा वाचतात, त्यांना बारीक अक्षर लागत नाही.

खटपट्या:
अहो, हेच आधी सांगायचं ना! पॅनलवर आडवे १९२० ठिपके आहेत. १३६६ चं चित्र त्यावर ताणलं की एकेकाच्या वाटणीला १.४ ठिपके येतात. आता ०.४ ठिपका पेटणार कसा? मग तो शेजारच्याशी रंग मिसळून भागवतो, आणि तुमचा रफार वितळतो. १९२०×१०८० करा. बाबांसाठी विंडोजमध्ये 'स्केल' १२५ टक्के ठेवा, अक्षर मोठं होईल आणि रेखीवही राहील. शार्पनेस कंपनीने दिलेल्या मूळ आकड्यावर न्या. ती निळी व्हीजीए काढून एचडीएमआय लावा.

जुना_जाणता:
व्हीजीएला उगाच नावं ठेवू नका. मी कित्येक वर्षं वापरतोय. एक ठिपका काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांचं चित्र पडदाभर लावायचं आणि मॉनिटरचं 'ऑटो' बटण दाबायचं. क्लॉक आणि फेज, म्हणजे ठिपके वाचायचा वेग आणि नेमकी वेळ, जुळतात, अक्षर पक्कं बसतं. कोऱ्या पडद्यावर दाबलं तर त्याला धरायला काही मिळत नाही.

खटपट्या:
युक्ती बरोबर आहे काका, पण एचडीएमआयवर ही कसरत लागतच नाही.

काळं_मांजर:
आयपीएस घेतलात तिथेच फसलात. काळा रंग बघावा तर व्हीए या दुसऱ्या जातीच्या पॅनलवर.

खटपट्या:
आणि जरा बाजूला सरकून रंग बघावेत तर आयपीएसवर. पत्रिका दोघं बापलेक एकाच पडद्यावर बघतात, त्यांना आयपीएसच बरा.

काळं_मांजर:
मी आपलं अनुभवाचं सांगितलं.

पत्रिकावाला:
एचडीएमआय लावली. अक्षरं एकदम कातीव! पण आता काळा रंग राखेसारखा दिसतोय. नवरीचा मरून शालू दहा धुण्यांनंतरचा वाटतो. जुनीच केबल लावू का परत?

खटपट्या:
थांबा, केबलला हात लावू नका. कार्ड मॉनिटरला टीव्ही समजलंय. टीव्हीच्या रीतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, मॉनिटरला ० ते २५५ लागतं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन'च्या पानावर खाली 'आउटपुट डायनॅमिक रेंज' आहे, ती लिमिटेडवरून फुल करा. इंटेलचं असेल तर 'क्वांटायझेशन रेंज' शोधा. कार्ड कुठलं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

दौत_टाक:
धागा चालूच आहे तर विचारतो, श्रीलिपीतला जुना मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा?

जुना_जाणता:
वेगळा धागा काढा.

मोगरा:
रात्री 'नाइट लाइट' लावत जा, डोळ्यांना आराम पडतो.

खटपट्या:
पत्रिकेचे रंग ठरवताना ते बंदच हवं, पांढऱ्या कागदाचा पिवळा होतो.

पत्रिकावाला:
एनव्हिडियाच होतं. फुल केलं, शालू परत मरून झाला. आता फक्त एक, छापून येतं ते पडद्यापेक्षा काळपट का?

खटपट्या:
ब्राइटनेस १०० वर असणार.

पत्रिकावाला:
हो, तसाच आला होता.

खटपट्या:
कागदाला स्वतःचा उजेड नसतो. नेहमीच्या ट्यूबलाइटखाली पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरा, पडद्यावर कोरं पान उघडा आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. कॉन्ट्रास्टला हात नको. मेनूत 'एसआरजीबी' हा प्रमाण रंगांचा मोड असेल तर तो घ्या, पण काही मॉनिटरवर त्यात ब्राइटनेस बदलता येत नाही. तसं असेल तर मेनूत रंगाचं तापमान ६५०० केल्व्हिन आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजळपणा, २.२ ठेवा. एवढं करूनही छपाईची शाई ती शाईच, पडद्यावरचा भडक केशरी कागदावर उतरत नाही. एक प्रूफ काढूनच ऑर्डर द्या.

पत्रिकावाला:
३५ वर आणला तेव्हा कागदाशी जुळला. बाबांनी बसल्या बसल्या एका पत्रिकेतलं 'आशिर्वाद' पकडलं. दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं. आभार सगळ्यांचे.

मोगरा:
शंभर पत्रिकांचे किती घेता? भाचीचं लग्न आहे.