बॉटम लाइन, १६ मे १९७४ : नील यंगच्या या मैफलीकडे आपण पुन्हा पुन्हा का वळतो?

मंद्रसप्तक

नमस्कार. कॅनडाचा गायक-गीतकार नील यंग याच्या मैफलींची अनेक ध्वनिमुद्रणे आता अधिकृतपणे उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी बरीचशी मी लक्षपूर्वक ऐकली आहेत. टोरोंटोच्या मॅसी हॉलमधील १९ जानेवारी १९७१ च्या मैफलीचे मुद्रण त्यांत सर्वांत स्वच्छ आहे. आवाज तरुण आणि मोकळा आहे, गाण्यांचा क्रमही उत्तम आहे. असे असूनही, एखादी संध्याकाळ पूर्णपणे त्याच्या संगीतासाठी राखून ठेवायची म्हटली की माझा हात न्यूयॉर्कच्या बॉटम लाइन क्लबमधील १६ मे १९७४ च्या मुद्रणाकडेच जातो.

ज्यांना ही मैफल ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्या रात्रीचा मुख्य कलाकार गिटारवादक राय कूडर होता आणि त्याच्याआधी लिऑन रेडबोन गायला. कूडरचे गाणे संपल्यावर, रात्र बरीच उलटून गेलेली असताना, कोणतीही पूर्वसूचना नसताना नील यंग अकूस्टिक गिटार आणि हार्मोनिका घेऊन मंचावर आला, सुमारे तासभर एकटाच गायला आणि अकरा गाणी म्हणून निघून गेला. श्रोत्यांपैकी कोणीतरी केलेले मुद्रण पुढे वर्षानुवर्षे हातोहाती फिरत राहिले आणि २०२२ मध्ये ते ‘सिटिझन केन ज्युनिअर ब्लूज’ या नावाने अधिकृतपणे प्रकाशित झाले.

माझा प्रश्न असा आहे की, ध्वनीच्या दृष्टीने मॅसी हॉलच्या जवळपासही न जाणारे हे मुद्रण मनाला इतके का लागते? जागा लहान होती म्हणून, की गाणीच वेगळी होती म्हणून, की आपण त्या रात्रीभोवती नंतर विणलेल्या आख्यायिकेमुळे? ज्यांनी ते अनेकदा ऐकले आहे त्यांची मते वाचायला आवडतील.

वाटसरू

मंद्रसप्तक, माझ्या मते सुरुवात श्रोत्यांपासून करायला हवी. बॉटम लाइन हा क्लब ग्रीनिच व्हिलेजमध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अगदी शेजारी होता आणि त्यात जेमतेम चारशे माणसे बसू शकत. फेब्रुवारी १९७४ मध्ये तो सुरू झाला, म्हणजे या रात्री त्याचे वय तीन महिने होते. तिथे जमलेली माणसे राय कूडरचे गिटारवादन ऐकायला आली होती. मॅसी हॉलमधील श्रोत्यांनी नील यंगसाठी तिकिटे काढली होती, तो त्यांच्याच गावचा मुलगा होता आणि तो काय गाईल याची त्यांना अपेक्षा होती. बॉटम लाइनमधल्या श्रोत्यांनी त्याच्याकडून काहीच मागितलेले नव्हते, त्यामुळे त्यालाही कोणाचे देणे फेडायचे नव्हते.

हा फरक गाण्यांच्या निवडीत स्पष्ट दिसतो. फेब्रुवारी १९७२ मध्ये आलेल्या ‘हार्वेस्ट’ या अल्बमने त्याला घराघरांत पोहोचवले होते आणि ‘हार्ट ऑफ गोल्ड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते. त्या अल्बममधील एकही गाणे त्याने त्या रात्री घेतले नाही. अकरांपैकी ‘हेल्पलेस’ हे १९७० पासून लोकांच्या ओळखीचे होते, ‘ग्रीनस्लीव्हज’ हे तर इंग्लंडचे कित्येक शतकांचे जुने लोकगीत, आणि ‘डान्स, डान्स, डान्स’ हे यंगला साथ करणाऱ्या क्रेझी हॉर्स या वाद्यवृंदाने १९७१ मध्येच आपल्या अल्बमवर घेतले होते. उरलेली आठही गाणी तोवर कोणत्याच अल्बमवर आलेली नव्हती. चारशे अनोळखी माणसांसमोर आठ अनोळखी गाणी, तीही साथीदारांशिवाय आणि ती असलेला कोणताही अल्बम दुकानांत नसताना, असा तो प्रसंग आहे. त्यामुळे मैफलीत एरवी ऐकू येणारी पहिल्या दोन सुरांनंतरची ओळखीची टाळी इथे फारशी मिळत नाही. माणसे थांबून शब्द ऐकत आहेत, हे आपल्याला मुद्रणातही जाणवत राहते.

पुढे काय घडले तेही लक्षात घ्यावे. ९ जुलै १९७४ रोजी सिएटलमध्ये क्रॉसबी, स्टिल्स आणि नॅश या जुन्या सहगायकांसह त्याचा दौरा सुरू झाला, तो प्रचंड मैदानांचा दौरा होता आणि १४ सप्टेंबरला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये संपला. त्या गर्दीच्या आठ आठवडे आधीची ही रात्र आहे.

जुनी_फीत

वाटसरू यांचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु लहान जागेला आपण गरजेपेक्षा अधिक श्रेय देत आहोत, असे मला वाटते. सप्टेंबर १९७३ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या रॉक्सी या नव्याने उघडलेल्या क्लबमध्ये अशीच अप्रकाशित गाणी सादर केली होती. ते मुद्रण २०१८ मध्ये आले आणि मला ते प्रिय आहे, पण त्याचा स्वभाव निराळा आहे. तिथे पूर्ण वाद्यवृंद आहे, आणि क्रेझी हॉर्सचा गिटारवादक डॅनी व्हिटन व वाद्यसामग्री सांभाळणारा ब्रूस बेरी या दोन सोबत्यांच्या मृत्यूचे दुःख ते सगळे मिळून गोंगाटात बुडवू पाहत आहेत. ‘रोल अनदर नंबर’ हे गाणे दोन्हीकडे आहे. रॉक्सीमध्ये ते झोकांड्या खात चालते, तर बॉटम लाइनमध्ये तेच गाणे एकटा माणूस हलक्या आवाजात सांगतो आणि त्यातला थकवा उघडा पडतो. जागा दोन्ही लहानच होत्या. फरक पडला तो दुःखाला आठ महिने जुने व्हायला वेळ मिळाल्यामुळे.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. एकट्या गिटारवर सगळीच गाणी उजळतात असे नाही. ‘रिव्होल्यूशन ब्लूज’च्या स्टुडिओतील मुद्रणात ‘द बँड’ या वाद्यवृंदाचे रिक डँको आणि लेव्हॉन हेल्म यांची बास आणि ड्रमची जोडी आहे, डेव्हिड क्रॉसबीचे गिटार आहे, आणि चार्ल्स मॅन्सनच्या खुनी टोळीच्या छायेत लिहिलेल्या त्या गाण्यातला धोका त्या तालातूनच अंगावर येतो. बॉटम लाइनमध्ये ते गाणे मला अपुरे वाटते, आणि या मैफलीवर कितीही प्रेम असले तरी हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आख्यायिकेचा भागही आहेच. ज्या ‘ऑन द बीच’ अल्बमची चार गाणी त्या रात्री गायली गेली, तो अल्बम दोन महिन्यांनी, जुलै १९७४ मध्ये आला खरा, पण त्याची सीडी निघायला २००३ साल उजाडले. मधल्या काळात ज्यांच्याकडे जुनी तबकडी नव्हती त्यांच्यापैकी अनेकांना ही गाणी आधी बूटलेगमधून, म्हणजे अशा अनधिकृत मुद्रणांतून, भेटली. जे गाणे आपल्याला ज्या रूपात प्रथम भेटते, तेच रूप आपल्याला मूळ वाटू लागते.

खर्जातले_कडवे

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून बरेच शिकायला मिळाले. मला मात्र सगळी चर्चा एका गाण्यापाशी आणून थांबवावीशी वाटते, आणि ते गाणे म्हणजे ‘ॲम्ब्युलन्स ब्लूज’.

हे गाणे सुरू होते ते त्याच्या तरुणपणीच्या लोकसंगीताच्या दिवसांच्या आठवणीने, आणि त्यात टोरोंटोच्या यॉर्कव्हिल भागातील रिव्हरबोट या कॉफीहाउसचे नाव येते. रिव्हरबोट ही अगदी छोटी जागा होती. फेब्रुवारी १९६९ मध्ये तो तिथे एकटा गायला होता आणि ते मुद्रणही २००९ मध्ये प्रकाशित झाले आहे. म्हणजे बॉटम लाइनमध्ये त्या रात्री एका लहान क्लबमधला गायक दुसऱ्या एका लहान क्लबची आठवण गात होता, आणि मधल्या पाच वर्षांत त्याने जे जे मिळवले आणि गमावले ते सगळे त्या दोन जागांच्या मध्ये पसरलेले होते. स्टुडिओतील मुद्रणात हेच शब्द आहेत, रस्टी कर्शॉचे फिडल त्याला सुंदर साथ देते, आणि सुमारे नऊ मिनिटांचे ते गाणे मला तिथेही अतिशय आवडते. परंतु स्टुडिओत ती आठवण दुरून येते. क्लबमध्ये ती उच्चारली जाते तेव्हा समोर तशीच टेबले आहेत, तशीच मोजकी माणसे आहेत, आणि गाणे ज्या प्रकारच्या खोलीबद्दल आहे त्याच प्रकारच्या खोलीत ते परत आलेले आहे. जुनी_फीत म्हणतात तसे जागेचे श्रेय सरसकट देऊ नये हे मान्य, पण या एका गाण्यापुरती जागा हाच गाण्याचा अर्थ आहे.

या गाण्याची चालही लोकसंगीताच्या वाटेनेच आलेली आहे. स्कॉटलंडचा गिटारवादक बर्ट जान्श याच्या ‘नीडल ऑफ डेथ’ या, अमली पदार्थाच्या सुईने ओढवलेल्या मृत्यूवरच्या, १९६५ च्या गाण्याशी तिचे साम्य आहे आणि यंगने स्वतः ते नंतर मोकळेपणाने मान्य केले आहे. व्हिटन आणि बेरी हे दोघेही अमली पदार्थांमुळेच गेले, हे ठाऊक असताना नेमकी तीच चाल त्याच्या बोटांत उतरावी, याचा विचार मी अनेकदा करतो. गाण्याच्या उत्तरार्धातील वाऱ्याविषयीची प्रसिद्ध खडी ओळ मात्र त्याची नव्हे. क्रॉसबी, स्टिल्स, नॅश आणि यंग या चौघांच्या हातून काही धड घडत नाही, म्हणून त्रासलेल्या एलियट रॉबर्ट्स या त्याच्या व्यवस्थापकाचे ते उद्गार होते. त्याच चौघांचा दौरा जुलैत सुरू होणार असताना तो ती ओळ मे महिन्यात शांतपणे गातो आहे.

वाटसरू

खर्जातले_कडवे यांनी जे लिहिले आहे ते वाचून मी आज ते गाणे पुन्हा ऐकले आणि मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटले. याच दिशेने पहिल्या गाण्याबद्दलही थोडे लिहितो.

मैफलीची सुरुवात त्याने ज्या गाण्याने केली, त्याचे नाव त्याने ‘सिटिझन केन ज्युनिअर ब्लूज’ असे सांगितले, आणि पुढे तेच गाणे ‘पुश्ड इट ओव्हर द एंड’ म्हणून ओळखले गेले. त्यात बंदूक हाती घेतलेली एक तरुणी आहे. ज्या वृत्तपत्रसम्राटावर ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ हा चित्रपट बेतलेला मानला जातो, त्या विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या नातीचे, पॅटी हर्स्टचे, ४ फेब्रुवारी १९७४ रोजी अपहरण झाले होते, आणि १५ एप्रिलला ती आपल्या अपहरणकर्त्यांसोबत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँकेवरील दरोड्यात बंदूक घेऊन कॅमेऱ्यात दिसली होती. त्या नावाचा आणि त्या तरुणीचा संबंध रसिक या घटनेशी जोडतात तो मला योग्य वाटतो. १७ मे रोजी लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत त्या अपहरणकर्त्यांच्या गटाचे सहा जण मारले गेले, म्हणजे गाणे गायले गेले तेव्हा त्यामागची बातमी अजून संपलेलीच नव्हती. आज आपण ते जुने मुद्रण म्हणून ऐकतो, त्या माणसांनी मात्र ते चालू वर्तमान म्हणून ऐकले.

असे असूनही संपूर्ण मैफल खिन्न नाही, हे इथे नमूद करायला हवे. दोन गाण्यांच्या मधे तो निवांतपणे बोलत राहतो, ‘मोशन पिक्चर्स’ या गाण्याच्या आधी गांजा आणि मध एकत्र करून बनवलेल्या ‘हनी स्लाइड्स’ची कृती सविस्तर सांगतो, आणि आपल्या बंद पडलेल्या जुन्या ब्यूइक शववाहिकेवर लिहिलेले ‘लाँग मे यू रन’ इतक्या मायेने गातो की ती मोटार एखादी जिवाभावाची व्यक्ती वाटावी. ते गाणे प्रकाशित व्हायला पुढे १९७६ उजाडले.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. जुनी_फीत, ‘रिव्होल्यूशन ब्लूज’बद्दलचे तुमचे मत मला पूर्वी पटले नसते, पण काल दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकली आणि डँको व हेल्म यांच्याशिवाय ते गाणे खरोखरच हलके पडते. त्याउलट ‘ऑन द बीच’, ‘मोशन पिक्चर्स’ आणि ‘ॲम्ब्युलन्स ब्लूज’ ही अल्बमच्या दुसऱ्या बाजूवरची तीनही गाणी त्या रात्री गायली गेली, आणि माझी ओढ बहुधा त्या तीन गाण्यांकडेच आहे. मैफलीवर प्रेम आहे असे मी समजत होते, पण ते तबकडीच्या एका बाजूवरचे प्रेम असावे.

रिव्हरबोटचे मुद्रण मी अजून ऐकलेले नाही. बॉटम लाइनच्या आधी ते ऐकावे की नंतर?

खर्जातले_कडवे

आधी ऐका. तेवीस वर्षांचा तो मुलगा मोकळेपणाने गप्पा मारत गातो आहे, त्याचा आवाज नीट कानात मुरू द्या, आणि मग थेट ‘ॲम्ब्युलन्स ब्लूज’ लावा.