इंग्रजीच्या शिकवणीबाबत (सर्वांनी कृपया वाचावे)

३०२, सकाळी ७.१२
सर्वांना नमस्कार. हा विषय सोसायटीच्या ग्रुपवर काढू नये असे दोन दिवस मनाला समजावत होते, पण आता राहवत नाही. गेल्या वर्षी याच ग्रुपने सुचवलेल्या शिकवणीत मुलगी 'कलर' हा शब्द 'यू' वगळून लिहायला शिकली. नव्या शिकवणीतल्या सरांनी परवा तोच शब्द लाल शाईने खोडला, समासात 'अमेरिकन चूक' असा शेरा मारला आणि वीस वेळा लिहून आणायला सांगितला. मधे 'यू' बसवण्यासाठी तिने इतके खोडरबर घासले की पानाला भोक पडले आहे. त्याच वहीच्या आधीच्या पानांवर त्याच शब्दापुढे जुन्या शिक्षिकेची बरोबरची खूण आहे. तेव्हापासून ती इंग्रजीचा धडा ओठांतल्या ओठांत वाचते. आता तिसरी शिकवणी शोधायची आहे. कृपया मुद्द्याला धरून सुचवावे, ही विनंती.

१०४ (काका), ७.१९
ताई, हे मी गेल्या वर्षीच सांगितले होते, तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. शिक्षक निवडताना एकच कसोटी लावावी. उच्चार अस्सल ब्रिटिश असावा. भाषा ज्यांची, उच्चार त्यांचा. बाकी सर्व भेसळ.

४०३, ७.३१
काका, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. मी दिवसभर अमेरिकन सहकाऱ्यांशी बोलतो. संगणकाची भाषा अमेरिकन, मुले पाहतात त्या चित्रफितीही बहुतांश अमेरिकन. मूल जे ऐकते तेच त्याच्या तोंडी बसणार. मग शिकवणीत वेगळेच काही घोटवून घेण्याचा अट्टहास कशासाठी? वहिनी, माझ्या मते जुन्या शिक्षिकाच योग्य होत्या.

२०२, ७.३४
लिफ्टबाहेर 'एलेव्हेटर बंद आहे' ही पाटी कोणाच्या हातची, हे कोडे आज सुटले.

४०३, ७.३६
पाटी सचिवांच्या विनंतीवरून लिहिली होती.

१०४ (काका), ७.४१
पाटीचे जाऊ द्या. नळ गळत असल्याची तक्रार याच गृहस्थांनी 'फर्स्ट फ्लोअर' अशी लिहून दिली होती. त्यांच्या मनात तळमजला होता, कारण अमेरिकेत म्हणे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. प्लंबर मात्र सरळ पहिल्या मजल्यावर आला आणि माझ्या स्नानगृहाची फरशी उखडून गेला. त्या फरशीचा रंग आजही जुळलेला नाही. मी कधी बोललो नाही, आजही बोलणार नव्हतो.

सचिव, ७.४४
सर्व सभासदांना विनंती आहे की जुने विषय काढू नयेत. फरशीचा विषय मिटलेला आहे.

१०४ (काका), ७.४५
इतिवृत्तात मिटलेला आहे.

५०१ (बाई), ८.२०
सर्वांना सुप्रभात. चाळीस वर्षे इंग्रजी शिकवले म्हणून दोन शब्द लिहिते, थोडे लांबेल. काका, 'अस्सल ब्रिटिश' असा एक उच्चार मुळात नाही. ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी १९१७ मध्ये उच्चारकोश काढला, तेव्हा त्यांनी दक्षिण इंग्लंडमधल्या, निवासी शाळांत शिकलेल्या सधन घरांचे बोलणे नमुना म्हणून घेतले. तोच उच्चार पुढे तिथल्या रेडिओवर आणि पाठ्यपुस्तकांत मानाने मिरवला, पण खुद्द ब्रिटनमध्ये तो बोलणारे नेहमीच मूठभर राहिले. स्कॉटलंडचा माणूस 'कार' म्हणताना शेवटचा 'र' स्पष्ट उच्चारतो, लंडनचा तो गिळतो. लंडनचा माणूस 'बाथ'मधला स्वर लांबवतो, उत्तर इंग्लंडचा मात्र अमेरिकन माणसासारखा आखूड ठेवतो. तुमच्या कसोटीवर एडिंबराचा शिक्षक नापास होईल आणि त्याने काय गुन्हा केला हे त्याला शेवटपर्यंत कळणार नाही.

१०४ (काका), ८.२६
पुन्हा पाठवत आहे, कारण मधल्या संदेशांत मुद्दा हरवला. शिक्षक निवडताना एकच कसोटी लावावी. उच्चार अस्सल ब्रिटिश असावा. भाषा ज्यांची, उच्चार त्यांचा.

६०३, ८.४०
लहान तोंडी मोठा घास घेतो, पण त्या सरांचा 'अमेरिकन चूक' हा शेरा इतिहासात बसत नाही. ती चूक नसून ठरवून केलेला बदल आहे. इंग्लंडमधल्या सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ चा, त्यात 'यू' आहे. नोआ वेब्स्टर यांनी १८२८ च्या अमेरिकन कोशात तो मुद्दाम वगळला, कारण नव्या देशाचे स्पेलिंगही स्वतःचे आणि सोपे असावे असे त्यांना वाटत होते. 'टंग' हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहावा, असेही त्यांनी सुचवले होते. ते लोकांनी ऐकले नाही. उलट 'रिअलाइझ'मध्ये झेड लिहिला की अनेक शिक्षक अमेरिकन म्हणून खोडतात, पण ऑक्सफर्डचा मोठा कोश स्वतः झेडच वापरतो. आणि 'गेट'चे 'गॉटन' हे रूप, ज्याला आपण अमेरिकन म्हणून नाक मुरडतो, ते जुने इंग्लंडचेच रूप. अमेरिकेत टिकले, इंग्लंडमध्ये मागे पडले.

२०२, ८.४३
म्हणजे भेसळ कोणी केली याची चौकशी समिती नेमावी लागेल.

सचिव, ८.५०
चर्चा लांबत आहे. अनेक घरांत हाच प्रश्न असल्यामुळे मी हा विषय येत्या सभेत 'टेबल' करतो.

४०३, ८.५२
उत्तम. काही काळ बाजूलाच ठेवलेला बरा.

सचिव, ८.५४
बाजूला कसा? चर्चेला घेतो, असे मी लिहिले आहे.

४०३, ८.५५
'टेबल करणे' म्हणजे विषय तहकूब ठेवणे, असेच मी आजवर ऐकत आलो आहे.

६०३, ९.०१
दोघेही बरोबर आहात. ब्रिटिश वापरात त्याचा अर्थ विषय चर्चेला घेणे असा आहे, अमेरिकन वापरात बाजूला ठेवणे असा. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांची याच शब्दावरून बराच वेळ जुंपली होती आणि शेवटी दोघांनाही एकच हवे होते असे निघाले, असे चर्चिल यांनीच लिहून ठेवले आहे.

सचिव, ९.०८
थांबा. मग दोन वर्षांपूर्वी पार्किंगच्या ठरावाच्या वेळी ४०३ यांनी 'टेबल इट' म्हटले होते, त्याचा अर्थ काय होता?

४०३, ९.१०
ठराव तूर्त नको, हाच. मी विरोधात होतो.

सचिव, ९.११
इतिवृत्तात आपली नोंद ठराव मांडणारे सभासद म्हणून आहे.

४०३, ९.१२
म्हणून दोन वर्षे शेजारचे माझ्याशी बोलत नाहीत!

३०२, ९.३०
आपणा सर्वांचे ज्ञान मोठे आहे आणि करमणूकही झाली. पण मुलगी आठ वर्षांची आहे, आणि उद्या वहीत काय लिहायचे एवढाच तिचा प्रश्न आहे. 'आई, मी कोणाचे बरोबर धरू?' असे तिने काल झोपताना विचारले, त्याचे उत्तर मला देता आले नाही.

५०१ (बाई), १०.०५
ताई, चूक माझीही झाली, आधी हेच लिहायला हवे होते. शाळेचे पुस्तक ज्या पद्धतीचे आहे, ती पद्धत तिच्या वहीत धरावी आणि एका लिखाणात दोन पद्धती मिसळू नयेत. नियम इतकाच. दुसरे रूप दिसले तर 'ही दुसरी पद्धत आहे' असे सांगावे. लाल शाई खऱ्या चुकीसाठी राखून ठेवावी, कारण 'शी गो' आणि 'यू' नसलेला 'कलर' यांना एकच शिक्षा झाली की मुलाला त्यांतला फरक कधी कळत नाही. मोठेपणी परीक्षेत अडेल ही भीतीही नको. परदेशी शिक्षणासाठी देतात त्या आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत दोन्ही स्पेलिंग चालतात, आणि ऐकण्याच्या भागात तर ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन असे निरनिराळे उच्चार मुद्दाम ठेवलेले असतात.

आता शिक्षक कसा पारखावा? पहिल्या तासाला दाराशी बसा आणि कोण किती बोलते ते पाहा. तासाभरात मुलीच्या तोंडून पुरी वाक्ये किती निघाली ते मोजा. शिक्षक वाक्याच्या मध्येच टोकतो की तिचे वाक्य पुरे होऊ देतो, हे पाहा. मी नोकरीच्या सुरुवातीला मध्येच टोकत असे, त्या वर्गातली मुले माझ्यासमोर फक्त 'येस' आणि 'नो' बोलत, आणि मी त्याला शिस्त समजत होते. त्याखेरीज शिक्षकाला एक प्रश्न सरळ विचारा की 'यू' नसलेला 'कलर' चूक का. उत्तरादाखल तो चिडला, तर नमस्कार करून उठा.

१०४ (काका), १०.११
आणि उच्चाराचे काय? तिसऱ्यांदा पाठवत आहे. एकच कसोटी लावावी. उच्चार अस्सल ब्रिटिश असावा.

५०१ (बाई), १०.२४
उच्चाराला मी कमी लेखत नाही, फक्त मेहनत कुठे घ्यायची ते सांगते. वेगवेगळ्या मातृभाषांची माणसे इंग्रजीत बोलताना एकमेकांना कुठे अडतात, याचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली मांडला. 'थिंक'मधला तो जिभेचा 'थ' नीट आला नाही तरी समजायला फारसे अडत नाही, अडते ते 'शिप' आणि 'शीप'मधला ऱ्हस्वदीर्घ फरक गेला की, शब्दाच्या आरंभीचे जोडव्यंजन मोडले की, किंवा वाक्यात भलत्याच शब्दावर जोर पडला की. आपल्या मुलांच्या बाबतीत मी त्यात 'व' घालीन. आपला 'व' एकच, त्यांचे दोन. 'वेस्ट' म्हणताना पश्चिम दिशा हवी असेल तर ओठांचा चंबू करावा, बनियन हवे असेल तर वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत. मुलीला आरशासमोर उभी करून एवढे दाखवणारा शिक्षक मिळाला, तर तो कोणत्या देशाचा उच्चार करतो हे विचारूही नका.

२०२, १०.२९
आमच्या घरी सध्या तिघे आरशासमोर उभे आहेत.

६०३, १०.३५
काका, विचारू की नको असे वाटत होते, पण आपला ब्रिटिश उच्चाराचा आग्रह इतका का?

१०४ (काका), ११.१५
नातू न्यूझीलंडला वाढतो आहे, हे ग्रुपवर सर्वांना माहीत आहे. मराठी त्याला समजते, पण बोलतो इंग्रजीतूनच. त्यांच्याकडचे 'पेन' मला 'पिन' ऐकू येते आणि 'टेन' ऐकू येते 'टिन'. गेल्या वाढदिवसाला त्याने माझ्याकडे पेन मागितले. मी टायपिन पाठवली. बारा वर्षांचे पोर, त्याने 'थँक यू आजोबा' म्हटले आणि काही सांगितले नाही. सर्वांनी एकच इंग्रजी शिकावे असे मला वाटते ते यामुळे. शाळेत आम्हाला जे शिकवले, तेवढेच मला ऐकू येते.

५०१ (बाई), ११.२०
काका, त्याला काहीतरी मोठ्याने वाचायला सांगा आणि तेच पुस्तक तुम्ही हातात धरा. पंधरा दिवसांत कान बसतो.

१०४ (काका), ११.२२
पाहतो.

३०२, दुसऱ्या दिवशी, सायंकाळी ७.५०
सर्वांचे आभार. बाईंनी सांगितल्याप्रमाणे आज एका शिक्षिकांच्या तासाला दाराशी बसले. त्यांनी पुस्तक उघडलेच नाही, वहीतले भोक दाखवून 'हे काय झाले?' एवढेच इंग्रजीतून विचारले. मुलगी आधी गप्प राहिली, मग सांगू लागली, आणि त्यात 'आय रब्ड अँड रब्ड अँड इट टोर्ड' असे म्हणाली. शिक्षिकांनी तिला थांबवले नाही. तिचे सांगून झाल्यावर 'ओह, इट टोर!' असे म्हणून त्या हसल्या आणि तिने ते आपोआप पुन्हा म्हटले. मग त्यांनी 'कलर'ची दोन्ही रूपे शेजारी शेजारी लिहून शाळेच्या पुस्तकात कोणते आहे ते शोधायला सांगितले. पुस्तक घरी राहिले होते. ते आणायला मुलगी तीन मजले धावत चढली, कारण लिफ्ट बंदच आहे.

सचिव, ७.५२
लिफ्टचा माणूस उद्या सकाळी येत आहे.

१०४ (काका), ७.५५
चांगले झाले. त्या शिक्षिकांचा उच्चार कोणता आहे?

३०२, ७.५८
काका, ते लक्षातच आले नाही.

१०४ (काका), ८.१०
बरे. त्यांचा क्रमांक मला वैयक्तिक पाठवावा.